पीओवर ९० दिवस लिहिले म्हणून काय झालं?

प्रश्न : ताई नमस्कार. वाळूजला माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशिनी अन सहा पोरं कामाला. एका कंपनीचं मशिनिंगचं जॉबवर्क करतो. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) पेमेंट ९० दिवस लिहिलंय पण सात महिने झाले ८ लाख ४० हजार अडकलेत, फोन केला की परचेसवाला म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू. जरा जोर लावला तर चार महिन्यांपूर्वीच्या मालाचं रिजेक्शन दाखवून १ लाख १० हजाराची डेबिट नोट (बिलातून तेवढे पैसे कापल्याचा कागद) पाठवली. उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) २०२१ चं आहे. तक्रार केली तर काम बंद होईल का? काय करू?
एक वाचक, वाळूज

उत्तर : भाऊ, हे 'पुढच्या आठवड्यात बघू' मी पण चिकलठाण्यात दोन वर्षं ऐकलंय, त्यापायी एक मशीन विकावी लागली, म्हणून सविस्तर सांगते.

आधी त्या ९० दिवसांचं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात स्पष्ट आहे, मायक्रो आणि स्मॉल युनिटचं पेमेंट लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. पीओवर काहीही छापलेलं असो, कायदा त्याच्या वर आहे. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. उद्यम माल द्यायच्या आधीचं आहे हे फार बरं झालं, नंतर काढलं असतं तर जुन्या बिलांवर वाद घालत बसावं लागलं असतं.

आता डेबिट नोट. मालाबद्दल हरकत असेल तर ती १५ दिवसांत लेखी कळवावी लागते, नाही कळवली तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणून आज घरी गेल्यावर चलानची फाईल काढा. गेटवरचा इनवर्डचा शिक्का, त्यातली तारीख, स्टोअरवाल्याची सही, हे तीन दिसतंय का बघा आणि प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा, कारण शेडमधल्या उन्हाने कार्बन कॉपी पार उडून जाते, माझ्या अर्ध्या कोऱ्या निघाल्या होत्या. मग डेबिट नोट मान्य नाही असं मेलवर लगेच कळवा, गप्प बसू नका.

काम बंद करतील का? करू शकतात, खोटं कशाला सांगू. तक्रार लहानानेच करायची, ती पण नाव देऊन, हे मला या कायद्यात सगळ्यात खटकतं. म्हणून आधी परचेसला सोडा आणि त्यांच्या अकाउंट्सच्या साहेबाला पत्र द्या. १८० दिवसांत पेमेंट नाही केलं तर तुमच्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (कराची वजावट) त्यांना व्याजासकट परत करावं लागतं, तुमचे तर सात महिने झालेत. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरात नियम आला, मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी देतील त्याच वर्षी खर्चात धरली जाते, तोवर कंपनीला कर जास्त. परचेसवाल्याला याचं काही वाटत नाही, पण मार्च जवळ आला की अकाउंट्सवाला स्वतः फोन करतो.

तरी नाही हलले तर ऑनलाइन अर्ज करा, तो फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जातो. कंपनीचं हेड ऑफिस पुण्यात असो की दिल्लीत, केस तुमच्या युनिटच्या भागातल्या कौन्सिलकडे चालते. आधी समेट, नाही जमला तर लवाद. निकालाला कायद्यात ९० दिवस लिहिलेत पण जास्त लागतात, तेवढी तयारी ठेवा. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

प्रश्न : माझं मोंढ्यात होलसेल दुकान आहे. उद्यम काढून द्यायचे एकजण १५०० मागतोय, काढलं तर उधारी वसुलीला हाच कायदा लागू होईल का?
एक वाचक, लातूर

उत्तर : १५०० देऊ नका, सरकारी पोर्टलवर उद्यम फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. पण व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम मिळतं ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं, ४५ दिवसांचा नियम तुम्हाला नाही. तुमच्या उधारीसाठी सही घेतलेलं बिल आणि चेक हेच हातात ठेवा.