पहिली गाडी, छोटी गाडी : वाचकांचे प्रश्न

पहिलीच गाडी आणि तीही छोटी, अशा वाचकांची पत्रे या वेळी जास्त आली आहेत. छोट्या गाडीत इंजिन, क्लच, बॅटरी, टायर सगळेच बेताचे असते. मोठ्या गाडीत खपून जाणारी हयगय इथे लवकर अंगाशी येते, म्हणून प्रत्येक उत्तरात काय करायचे याबरोबर ते का, हेही दिले आहे. इथल्या आकड्यांत आणि तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत फरक दिसला, तर पुस्तिकेचा आकडा खरा माना.

प्रश्न : पहिले हजार किलोमीटर गाडी सांभाळून चालवा म्हणतात. मी ४० च्या वर नेतच नाही. एवढे पुरे का?

४० ची मर्यादा पाळून इंजिनाचे भले होत नाही. वेगाच्या काट्यापेक्षा आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणाऱ्या, काट्याकडे लक्ष द्या. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम ठेवलेले बारीक तिरपे चरे असतात. पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून नीट बसल्या की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पुरते धरले जाते आणि ऑइल वर जाऊन जळत नाही. त्यासाठी रिंगांवर मध्यम आणि सतत बदलता दाब यावा लागतो. फेरे साधारण २००० ते ३५०० च्या दरम्यान ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका, आणि लांबच्या सरळ रस्त्यावर तासभर एकाच वेगाने जाऊ नका. दर काही मिनिटांनी वेग थोडा कमी-जास्त करा.

वरच्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने थरथरत गाडी ओढणे हे नव्या इंजिनाला जोरात पळवण्याइतकेच वाईट. गाडी थरथरली की खालचा गिअर टाका.

नवे टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर थोडे घसरते असतात, ब्रेकचे पॅडही दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुरते धरतात. तोवर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

प्रश्न : टायरवर ४४ पीएसआय लिहिले आहे, हवा भरणारे ३५ भरतात, आणि ओळखीचे लोक ३० सांगतात. नक्की किती भरायची?

टायरवर छापलेला आकडा हा त्या टायरला सोसणारा जास्तीत जास्त दाब असतो. तो तुमच्या गाडीसाठी नाही. गाडीचा आकडा चालकाचे दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर, किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत सापडतो. छोट्या गाड्यांत तो बहुधा ३० ते ३५ च्या दरम्यान असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा वेगळा असू शकतो, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुतेक वेळा दुसरा रकाना असतो. पाच माणसे आणि सामान घेऊन निघणार असाल तर तो दुसरा रकाना पाळा. बहुतेक जण नेमके हेच विसरतात.

हा आकडा थंड टायरचा आहे. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा दोन-तीन किलोमीटरच चाललेली. लांब पल्ला चालून आलेल्या टायरमध्ये दाब ३ ते ५ पीएसआयने वाढलेला असतो. तो पाहून कोणी हवा सोडली, तर सकाळी टायर तेवढाच कमी भरतो. गरम टायरमध्ये हवा भरावीच लागली तर स्टिकरच्या आकड्यापेक्षा ४ जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी निघण्याआधी स्वतःच्या गेजने मोजून नेमकी करा. खिशात मावणारे गेज जवळ ठेवाच. सार्वजनिक ठिकाणच्या गेजवर आमचा भरवसा नाही, कारण ती दिवसभर आपटत असतात.

टायर धडधाकट असला तरी महिन्याला एखादा पीएसआय आपसूक उतरतो. हवामान दहा अंशांनी गार झाले की आणखी सुमारे दीड. त्यामुळे दोन-तीन महिने गेज न लावलेला टायर डोळ्यांना ठीक दिसतो, पण आत २६ वर आलेला असतो. अशा टायरच्या दोन्ही कडा झिजतात, तो जास्त तापतो आणि इंधनही जास्त लागते. हवा जास्त असली तर मधला पट्टा झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते.

एकाच चाकाची हवा वारंवार कमी होत असेल तर आधी व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावून पाहा. बुडबुडे आले तर आतली पिन बदलून काम होते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला आणि हवा टिकून असेल तर तो जागेवर उपटू नका. तोच खिळा भोक बुजवून बसलेला असतो. हवा मोजत, सावकाश दुरुस्तीच्या ठिकाणी पोहोचा.

प्रश्न : चार जण आणि एसी चालू असताना चढावर गाडी ओढत नाही. थांबून पुन्हा निघताना मागे सरकते, एकदा जळका वासही आला. क्लच गेला का?

एकदा वास आला म्हणून क्लच जात नाही, पण तेच रोज झाले तर नक्की जाईल. आधी ओढ का कमी पडते ते पाहू. टर्बो नसलेल्या १ लिटर इंजिनाची ताकद जाहिरातीत ६५ हॉर्सपॉवर लिहिलेली असेल, तर तो आकडा साडेपाच-सहा हजार आरपीएमवरचा असतो. २००० वर तेच इंजिन जेमतेम २५ देते. त्यातले दोन-तीन एसीचा कॉम्प्रेसर घेतो, शिवाय चार माणसांचे वजन आहेच. अशा वेळी तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून उपयोग नाही. चढ सुरू होण्याआधीच दुसरा टाका आणि फेरे ३००० च्या पुढे जाऊ द्या. आवाज वाढतो म्हणून नवे चालक घाबरतात. रनिंग-इन, म्हणजे सुरुवातीचे सांभाळून चालवायचे हजार किलोमीटर, संपल्यावर ३५०० ते ४००० फेरे हे या इंजिनाचे सुखाचे काम आहे. त्याला खरा त्रास १२०० वर ओढायला लावण्याने होतो. चढ फारच उभा असेल तर तेवढ्यापुरता एसी बंद करा.

चढावर थांबून निघताना हँडब्रेकचाच आधार घ्या. हँडब्रेक पूर्ण ओढा, पहिला गिअर टाका, आणि थोडी रेस देऊन फेरे १५०० च्या आसपास आणा. मग क्लच सावकाश सोडत या. इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, बोनट जरासे उचलल्यासारखे वाटते. तिथे पाय रोखा. आता बटण दाबून हँडब्रेक खाली करा, गाडी मागे न जाता उभी राहील किंवा पुढे सरकेल. मग रेस वाढवत क्लच पुरता सोडा. गाडी नसलेल्या जागी, मध्यम चढावर हे इतके वेळा करा की हात आणि पाय न सांगता चालतील.

जळका वास येतो तो हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवल्याने. तेव्हा क्लचची प्लेट सतत घासत असते आणि काही मिनिटांत खूप तापते. वास आला तर सपाट जागी न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढून पंधरा-वीस मिनिटे थांबा. नंतर सपाट रस्त्यावर एक परीक्षा करा. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएमचा काटा झपकन चढला आणि वेग मात्र तसाच राहिला, तर प्लेट घसरते आहे. दोन्ही बरोबर वाढले तर क्लच शाबूत आहे. एरवीही गाडी चालत असताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवू नका.

उतरताना न्यूट्रल कधीही नको. इंधन वाचते म्हणून असे करणारे बरेच आहेत, पण आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात.

प्रश्न : गाडी दोन आठवडे उभी होती, बॅटरी उतरली. आता रोज दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतो. बरोबर आहे का?

फार उपयोगाचे नाही. बंद गाडीतही लॉक, अलार्म, घड्याळ आणि कॉम्प्युटर मिळून २० ते ५० मिलिअँपिअर ओढत असतात. सरासरी ४० धरले तर दिवसाला सुमारे १ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे ती मुळातच पूर्ण भरलेली नसते. दोन आठवड्यांत ती निम्म्यावर येते. उभ्या इंजिनावर, त्यातही दिवे आणि एसी चालू असताना, दहा मिनिटांत फारच थोडे चार्जिंग होते. आठवड्यातून एकदा ३०-४० मिनिटे गाडी रस्त्यावर चालवा. त्याने टायर आणि ब्रेकही सुस्थितीत राहतात.

साधा मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज पाहा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली तिला चार्जरच हवा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र, ठीक आहे.

दुसऱ्या गाडीवरून जंप देताना क्रम चुकवू नका. दोन्ही गाड्या बंद असाव्यात. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला लावा. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचे दुसरे टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे अंतर ठेवायचे. चांगली गाडी चार-पाच मिनिटे चालू ठेवा, मग दुसरीला सेल्फ मारा. काढताना क्रम नेमका उलटा.

प्रश्न : डॅशबोर्डवर दिसणारे अ‍ॅव्हरेज खरे असते का?

ते बहुधा थोडे चढे दाखवते. टाकी पंपाचे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरा आणि ट्रिप मीटर शून्य करा. टाकी निम्म्याखाली गेली की त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. ४३० किलोमीटर झाले आणि २५ लिटर बसले तर अ‍ॅव्हरेज १७.२. अशा तीन टाक्यांची सरासरी धरा. कट झाल्यावर वरून आणखी भरू नका, जास्तीचे पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊन तो निकामी करते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर अ‍ॅव्हरेज कमीच येणार, कारण इंजिन गरम होण्याआधीच तुम्ही ते बंद करता.

प्रश्न : गाडीखाली पाणी ठिबकते, सकाळी ब्रेकचा खरखर आवाज येतो, इंजिन बंद केल्यावरही पंखा फिरतो. नव्या गाडीत हे काय?

तिन्ही गोष्टी ठीक आहेत. रंग-वास नसलेले पाणी एसीचे असते. पावसानंतर किंवा धुतल्यानंतर ब्रेकच्या डिस्कवर रात्रीत गंज धरतो, दोन-चार ब्रेकमध्ये तो पुसला जातो. पंखा रेडिएटर थंड करत असतो. तीन सिलिंडरचे इंजिन उभ्या गाडीत जरा हलते, तेही त्याच्या रचनेमुळे. मात्र ठिबकणारे द्रव हिरवे, गुलाबी किंवा तेलकट असेल, किंवा ब्रेकची खरखर दिवसभर टिकली, तर लगेच दाखवा.

प्रश्न : डॅशबोर्डवर दिवा लागला तर गाडी चालवत घरी यावे का?

लाल आणि पिवळा यांत फरक करा. तेलाच्या बुधलीचे लाल चिन्ह म्हणजे ऑइलचा दाब गेला. कडेला घेऊन तत्काळ इंजिन बंद करा, एक किलोमीटरही नको, बेअरिंग मिनिटभरात खराब होतात. सपाट जागी दहा मिनिटे थांबून डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल तर गाडी टो करूनच न्या.

तापमानाचा लाल दिवा लागला तर एसी बंद, हीटर सर्वांत गरम आणि ब्लोअर पूर्ण करून कडेला या आणि इंजिन बंद करा. किमान अर्धा तास रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येते.

इंजिनाचे पिवळे चिन्ह स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर एक-दोन दिवसांत तपासून घ्या. ते लुकलुकत असेल तर सिलिंडर मिसफायर होतो आहे. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन तो डबाच जळतो. वेग कमी करा आणि जवळच्या सुरक्षित जागी थांबा.

प्रश्न : स्टेपनी बदलण्याचा सराव करताना नट हललेच नाहीत. काय करावे?

ते बहुधा हवेच्या गनने आवळलेले असतात. गाडीसोबतचा पाना आखूड असतो, म्हणून लांब दांड्याचा पाना डिकीत ठेवा. हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाका, तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करा, जॅक त्यानंतर. जॅक लावायची जागा दाराखालच्या पत्र्याला असलेल्या दोन खाचांच्या मध्ये असते. दुसरीकडे लावला तर पत्रा चेपतो आणि गाडी घसरू शकते. उचललेल्या गाडीखाली हात-पाय घालू नका.

बसवताना नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. गाडी खाली घेऊन शेवटचे आवळणे करा, पान्यावर उभे राहून नव्हे. स्टेपनी इतर चाकांपेक्षा अरुंद असेल तर ८० च्या वर जाऊ नका आणि तिच्यावर लिहिलेली हवा भरा, ती बहुधा ६० पीएसआय असते. पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळून पाहा.