संकल्प सोडावा, करावा की खोडावा?

एका ख्रिस्ती वाचकाचा प्रश्न असा आला आहे : "नववर्षाच्या उपासनेत वाचायच्या मनोगतात मी लिहिलं होतं, 'रोज सकाळी प्रार्थना करण्याचा संकल्प मी आज सोडत आहे.' मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी 'संकल्प' खोडून 'पश्चात्ताप' लिहायला सांगितलं. संकल्प हा आपला शब्द नव्हे, म्हणाले. मथळ्यातलं 'नवीकरण' मात्र राहू दिलं. त्यांचं बरोबर आहे का? आणि नवीकरण म्हणावं की नूतनीकरण?"

आधी 'सोडत आहे'चं बघू. मराठीत संकल्प करतात तसा सोडतातही, आणि दोन्हींचा अर्थ एकच. धर्मकृत्याच्या आरंभी संवत्सर, मास, तिथी उच्चारून 'अमुक करिष्ये' (म्हणजे 'अमुक करीन') म्हणायचं आणि तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडायचं, त्यावरून हा वाक्प्रचार आला. ज्याला हे ठाऊक नाही त्याला तुमचं वाक्य 'प्रार्थनेचा बेत रद्द' असं ऐकू येईल. ज्याला ठाऊक आहे त्याच्या डोळ्यांपुढे ताम्हन येईल. तुमच्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा तेच आलं असावं. तेव्हा 'सोडत' काढाच.

पण संकल्प आपला शब्द नव्हे, हे काही पटत नाही. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तो चांगला ठळक आहे. यिर्मया २९:११ आठवा : 'तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो.' इफिसकरांस पत्रातही (१:११) सर्व काही देवाच्या मनाच्या संकल्पाप्रमाणे चालतं. गंमत अशी की या दोन्ही जागी संकल्प देवाचा आहे. दानिएल हा राजाच्या पंक्तीचं अन्न नाकारतो (दानिएल १:८), तिथे मराठी भाषांतरकार लिहितात की त्यानं मनात 'निश्चय' केला. ही वाटणी नियमासारखी कडक आहे असं माझं म्हणणं नाही, पण कान तिला सरावलेला असतो. माणसानं ठरवलेल्या गोष्टीला निश्चय किंवा निर्धार म्हटलं की ख्रिस्ती मराठीत ते सहज बसतं.

आता पश्चात्ताप. (दोन त, 'पश्चाताप' हे लेखन इतकं पसरलंय की शुद्ध रूपच चुकीचं वाटू लागलंय.) संकल्पाच्या जागी हा शब्द बसणार नाही, कारण तो मागे पाहतो : पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे पोळणं. आणि तुमचं वाक्य तर पुढचं सांगतंय. तरीही वडीलधाऱ्यांच्या मनात काय होतं ते कळतं. 'पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा' (मार्क १:१५) यातला मूळ ग्रीक शब्द मेटानोइयाच्या कुळातला आहे. मेटा म्हणजे इथे पालट आणि नूस म्हणजे मन, बुद्धी. त्यात पोळणं नाही, मन पालटणं आहे. त्यामागे उभ्या असलेल्या शूव या हिब्रू धातूचा अर्थ तर सरळ 'परत फिरणे' असा आहे, पायांनी करायची गोष्ट.

मराठीत मात्र या एका शब्दावर दोन ओझी पडली, पोळण्याचं आणि मन पालटण्याचं. मत्तय २७:३ मध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदाला वाईट वाटतं तिथे ग्रीकमध्ये वेगळं क्रियापद आहे, मेटामेलोमाय. आपल्या भाषांतरात तिथे 'पस्तावला' आहे. भेद राखायची ही युक्ती चांगलीच, पण पस्तावा हा पश्चात्तापाचाच झिजलेला अवतार! एकाच माणसाला एकदा सोवळं नेसवलं, एकदा सदरा घातला. (ग्रीकमधला भेदही अभेद्य नाही. मत्तय २१ मधला 'जात नाही' म्हणणारा मुलगा याच दुसऱ्या क्रियापदानं पस्तावतो आणि मळ्यात कामाला जातो.) प्रेषितांची कृत्ये ३:१९ मध्ये 'पश्चात्ताप करा व वळा' असं जोडीनं येतं, म्हणून तिथे मराठी वाचकाला पूर्ण अर्थ मिळतो. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत तर, लूक १५:११ पासून पुढे, हा शब्दच नाही. तो शुद्धीवर येतो आणि म्हणतो, 'मी उठून आपल्या बापाकडे जाईन.' पुढे दोनच ओळींनी तो उठून निघतोही. नव्या वर्षाच्या मनोगतासाठी मला 'उठून' हे साधं पूर्वकालवाचक रूप (आधी उठणं, मग पुढचं) जास्त आवडतं.

नवीकरण आणि नूतनीकरण यांची घडण एकच. जे तसं नव्हतं ते तसं करणं, हे दाखवणारा संस्कृतातला च्वि प्रत्यय दोन्हींत आहे. तो दीर्घ ई त्याच्यामुळेच. अर्थामध्ये फरक नाही, वास वेगळा आहे. नूतनीकरण परवान्याचं आणि इमारतीचं होतं, त्यामुळे मनाचं म्हटलं की अर्ज भरायचा आहे असं वाटतं. मथळा राहू द्या.

त्या मथळ्याच्या उगमाकडे मात्र एकदा बघा. रोमकरांस पत्र १२:२ : 'आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या.' 'करा' नाही, 'होऊ द्या'. ग्रीक क्रियापद आज्ञार्थी आणि त्याच वेळी कर्मणी आहे. मराठीत अशी आज्ञा सरळ देता येत नाही, म्हणून भाषांतरकारानं 'होऊ देणे' वापरलं आणि नेमका सूर पकडला. वडीलधाऱ्यांना 'संकल्प' खटकला तो केवळ ताम्हनामुळे नव्हे, या 'करिष्ये' आणि 'होऊ द्या'मधल्या अंतरामुळेही असेल.

मी असतो तर लिहिलं असतं : 'रोज सकाळी उठून प्रार्थनेला बसायचा मी निश्चय केला आहे, प्रभू तो तडीस नेवो.' आणि पश्चात्ताप हवाच असेल तर त्याला स्वतंत्र वाक्य द्या, याच्या आधीचं.