रिंगच्या कडेवरून : हसत हरलेला माणूस

या खेपेच्या पत्रांतली निम्म्याहून जास्त डब्ल्यूडब्ल्यूई या रेसलिंग कंपनीच्या निवृत्त झालेल्या एकट्या जॉन सीनावर आहेत. दोन-तीन तर इतकी तापलेली की ती माझ्या हातात देताना संपादक नुसतं ‘बघा बुवा तुम्हीच’ म्हणाले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांची भाषा फारच सुटली होती, त्यांचा मुद्दा घेतलाय, विशेषणं गाळली आहेत.

प्रश्न : १३ डिसेंबर २०२५ ला सीनाने गुंथरसमोर टॅपआउट केलं (हात थापटून हार मानली), ते मला अजून पचलेलं नाही. जन्मभर ‘हार मानू नका’ सांगत आलेल्या माणसाला शेवटच्याच मॅचमध्ये हार मानायला लावली. जिंकून निरोप दिला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं?

उत्तर : गुंथरचं बिघडलं असतं. सलग ६६६ दिवस इंटरकॉन्टिनेंटल टायटल, म्हणजे कंपनीचं दुसऱ्या फळीचं विजेतेपद, सांभाळलेला हा गडी २०२५ मध्ये पार विस्कटला होता. रेसलमेनिया ४१ ला (कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम) त्याने जे उसो या रेसलरसमोर टॅप केलं, समरस्लॅमला तो सीएम पंककडून हरला. मधे बेल्ट (विजेतेपदाचा पट्टा) परत आला होता, तोही टिकला नाही. असा माणूस पुन्हा धडकी भरवणारा करायचा तर मोठं शीर लागतं, आणि त्या वर्षी सीनाहून मोठं शीर दुसरं नव्हतं.

जाणाऱ्याने हरून जायचं, हा या धंद्यातला जुना रिवाज आहे. २००८ मध्ये रिक फ्लेअरने निरोपाची मॅच शॉन मायकल्सला दिली, २०१० मध्ये मायकल्सने अंडरटेकरला. आयुष्यभर कमावलेलं नाव जाताना दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचं. फक्त खातं कोणाचं ते बघून टाकावं लागतं. २०१९ मध्ये कर्ट अँगलला शेवटच्या मॅचमध्ये बॅरन कॉर्बिनकडून हरवलं. अँगलला धड निरोप मिळाला नाही, आणि कॉर्बिनचा भाव काडीने वाढला नाही. लोकांना तेव्हा अँगलसमोर सीनाच हवा होता, कारण २७ जून २००२ ला सीना पहिल्यांदा टीव्हीवर आला तो अँगलचं आव्हान घ्यायला. त्या मॅचमध्येही तो हरलाच होता. म्हणजे आला हरत आणि गेला हरत. मला तरी यात काही खुपत नाही.

माझी तक्रार होती ती टॅप करण्याबद्दल. मॅचच्या आधी मी वहीत निकाल लिहून ठेवतो, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. त्या दिवशीच्या पानावर होतं : ‘गुंथर. स्लीपर होल्ड. सीना बेशुद्ध.’ गुंथरने मागून गळ्याला विळखा घालायचा, रेफरीने सीनाचा हात उचलून सोडायचा, तो लुळा पडायचा, घंटा. हरला, पण हार मानली नाही. दोघांचंही राहिलं असतं.

झालं वेगळंच. सीना विळख्यातून सुटायचा, पुन्हा अडकायचा. सगळे वाट बघत होते ती नेहमीच्या उसळीची. ती आली नाही. त्याऐवजी चेहऱ्यावर हसू आलं, आणि मग हात थापटला गेला. तेवढा तुकडा मी चार वेळा मागे घेऊन पाहिला. पहिल्या वेळी चीड आली. चौथ्या वेळी मात्र वाटलं, गळ्यात विळखा असताना असं हसू आणणं हे निम्म्या रेसलरांना जन्मात जमणार नाही. डोक्यावरचं ओझं खाली ठेवताना माणूस हसतो ना, तसं ते होतं. वहीतलं बुकिंग (मी ठरवलेला निकाल) मी खोडलेलं नाही, पण शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

तरीही शेवट फसला, हे मान्य. त्या रात्री शिव्या पडायला हव्या होत्या गुंथरला. त्या पडल्या कंपनीच्या गोष्टी ठरवणाऱ्या ट्रिपल एचला. गोष्टीतल्या खलनायकाला सोडून लोक गोष्ट लिहिणाऱ्यावर ओरडायला लागले की समजावं, पाया आधीच कुठेतरी खचलाय. इथे तो मार्चमध्येच खचला होता. पुढचं पत्र नेमकं त्यावरच आहे.

प्रश्न : सीनाचा हील टर्न (नायकाचा खलनायक होणं) हा गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात मोठा धक्का होता, असं तुम्हीच लिहिलं होतं. आता तोच टर्न ‘वाया गेला’ म्हणता. नक्की कुठलं खरं?

उत्तर : दोन्ही. १ मार्च २०२५, टोरांटो, एलिमिनेशन चेंबर हा कार्यक्रम. द रॉकने तेव्हाच्या चॅम्पियन कोडी रोड्सकडे त्याचा आत्माच मागितला, कोडीने जाहीर नकार दिला, सीनाने कोडीला मिठी मारली. त्या मिठीत असतानाच रॉकने गळ्यावरून अंगठा फिरवला, आणि सीनाचा चेहरा कोडीच्या खांद्यावर असतानाच बदलला. ते दृश्य आजही लावा, अंगावर काटा येतो. धक्का म्हणून शंभर पैकी शंभर.

माझी बहीण रेसलिंग बघते ती माझ्यामुळे, अर्धं लक्ष देऊन. तिचा प्रश्न कायम एकच : ‘हा का चिडलाय?’ त्या दिवशीही तिने तो विचारला. मी म्हटलं, थांब, पुढच्या आठवड्यात कळेल. पुढच्या आठवड्यांत सीनाने सांगितलं की प्रेक्षकांनी आपल्याला आयुष्यभर वापरून घेतलं. बरं, हे पटण्यासारखं आहे. पण मग त्यात रॉकचं काय काम? आत्मा विकला तर त्याची किंमत काय मिळाली? रेसलमेनिया ४१ ला रॉक आलाच नाही. आला ट्रॅव्हिस स्कॉट. सीनाने कोडीला कमरेखाली मारलं, बेल्ट डोक्यात घातला, सतरावं जगज्जेतेपद घेतलं आणि रिक फ्लेअरचा सोळाचा आकडा मोडला. इतका मोठा क्षण, आणि माझ्या डोक्यात एकच विचार : हा गायक इथे काय करतोय?

पुढे १ ऑगस्टला, समरस्लॅमच्या आदल्या दिवशी, सीना पुन्हा चांगला झाला. बरोबर पाच महिने. समरस्लॅममध्ये कोडीबरोबरची त्याची स्ट्रीट फाइट झकास झाली, माझ्या मते त्या वर्षातली त्याची सगळ्यात चांगली कामगिरी. पण बहिणीचा प्रश्न तसाच राहिला. आजही विचारते, मुद्दाम.

आता हीच कंपनी गोष्ट नीट सांगते तेव्हा काय होतं ते बघा. रेसलमेनिया ३९ ला कोडी जिंकणार असं मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. चॅम्पियन रोमन रेन्सचा साथीदार सोलो सिकोआ मधे आला, रोमन जिंकला, आणि मी याच पानावर बुकिंग करणाऱ्यांना नाही नाही ते बोललो. वर्षभराने फिलाडेल्फियात, रेसलमेनिया ४० ला, माझे शब्द मला गिळावे लागले. रोमनच्या हातात खुर्ची. समोर कोडी अर्धमेला. पलीकडे सेथ रॉलिन्स, अंगात शील्डचा, म्हणजे त्याच्या आणि रोमनच्या जुन्या टोळीचा, तो काळा पोशाख. रोमनला नुसती कोडीला खुर्ची मारायची होती, १,३१६ दिवसांची सत्ता वाचली असती. पण २०१४ मध्ये याच सेथने याच पोशाखात त्याच्या पाठीत खुर्ची घातली होती. रोमन क्षणभर थांबला, वळला, आणि खुर्ची सेथला मारली. तेवढ्या वेळात कोडी उठला. दहा वर्षांपूर्वीची खुर्ची व्याजासकट परत आली, आणि कोणी एक शब्दही बोललं नाही. बहिणीने त्या दिवशी प्रश्न विचारला नाही. तिला २०१४ मी तासभर आधीच सांगितलं होतं हे खरं, पण तरी.

म्हणून सीनाच्या शेवटावर मी फार रागावू शकत नाही. मार्चमध्ये लोकांना जे कबूल केलं ते दिलं नाही, आणि डिसेंबरमध्ये पुन्हा त्यांच्याकडूनच भरवसा मागितला. तो कसा मिळणार? त्यातल्या त्यात ऑक्टोबरमधली पर्थची एजे स्टाइल्सबरोबरची मॅच शोधून बघा. दोघांनी जुन्या साथीदारांचे डाव एकमेकांवर टाकले, ना बेल्ट, ना भांडण. मला विचाराल तर सीनाचा खरा निरोप तोच होता.

प्रश्न : सेथ रॉलिन्सने गुडघ्याच्या दुखापतीचं जे नाटक केलं, ते प्रेक्षकांची फसवणूक नाही का? उद्या खरी दुखापत झाली तर विश्वास कोण ठेवणार?

उत्तर : ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : जुलै २०२५ मध्ये एलए नाइटबरोबरच्या मॅचमध्ये सेथ लंगडला, मॅच गुंडाळली, सगळीकडे तो कित्येक महिने बाहेर अशी बातमी. २ ऑगस्टला समरस्लॅममध्ये पंकने गुंथरला हरवून बेल्ट घेतला, तोच सेथ कुबड्या घेऊन आला. आला, थांबला, कुबड्या फेकल्या, मनी इन द बँकची ब्रीफकेस (ती ज्याच्याकडे, त्याला हवं तेव्हा चॅम्पियनशी मॅच मिळते) पुढे केली आणि पंकचा बेल्ट काही मिनिटांत गेला.

फसवणूक? अहो, याच फसवणुकीचं तर आपण तिकीट काढतो! मी स्वतः पूर्ण फसलो. वहीत सेथच्या नावासमोर ‘पुढच्या वर्षी’ लिहून मोकळा झालो होतो. आजकाल निकाल आधी फुटतात, कोण येणार कोण जाणार ते चार दिवस आधी कळतं. अशा काळात एवढ्या लोकांना तीन आठवडे गाफील ठेवलं, याला मी तरी टोपी काढतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नियतीने दिलं. ऑक्टोबरमध्ये पर्थला कोडीला हरवताना सेथचा खांदा खराच दुखावला आणि बेल्ट सोडावा लागला. गुडघा खोटा, खांदा खरा. आणि हो, पहिले काही दिवस माझा विश्वास बसला नाही. तुमचा मुद्दा तेवढा बरोबर.

प्रश्न : एइडब्ल्यू या दुसऱ्या रेसलिंग कंपनीत नुसत्या उड्या आणि रक्त, गोष्ट शून्य. तुम्ही त्यांचं कौतुक का करता?

उत्तर : शून्य म्हणू नका. त्यांच्या ऑल इन २०२५ या कार्यक्रमातली हँगमन अॅडम पेज आणि जॉन मॉक्सलीची टेक्सास डेथ मॅच घ्या. रक्त भरपूर होतं, नाकारत नाही. मी दोनदा मान वळवली. पण मॉक्सलीने बेल्ट कित्येक महिने एका पेटीत बंद करून ठेवला होता. चॅम्पियन आहे, बेल्ट दिसत नाही. इतकी साधी कल्पना, आणि ती चीड आणायला पुरेशी होती. त्यात पेजच्या मदतीला आला कोण, तर स्वर्व्ह स्ट्रिकलंड. याच पेजने गोष्टीत त्याचं बालपणीचं घर जाळलं होतं. त्या माणसाने येऊन पेजच्या हातात साखळी दिली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, नुसती साखळी दिली. पेटीतून बेल्ट बाहेर आला तेव्हा माझी बहीणसुद्धा उभी राहिली होती.

बाकी त्यांचे चार-चार तासांचे कार्यक्रम, आणि पहिल्याच मॅचमध्ये पंधरा वेळा दोनवर सुटका (रेफरीने तीन मोजायच्या आत), याबद्दल तुमच्याशी सहमत. प्रत्येक जण प्रत्येक डावातून सुटायला लागला तर डावाला कोण घाबरणार?

प्रश्न : महिलांच्या मॅचेसवर तुम्ही कधीच लिहीत नाही.

उत्तर : कान पकडतो. रेसलमेनिया ४१ ची सगळ्यात उत्तम मॅच आयो स्काय, रिया रिप्ली आणि बियांका बेलेअरची होती, शेवटच्या मॅचच्या कितीतरी वर. तिघी रिंगमध्ये असूनही एक जण उगाच बाहेर लोळत पडलीय असं एकदाही झालं नाही. तिघांच्या मॅचमध्ये हे किती अवघड असतं, ते पुढची अशी मॅच बघताना मोजा. रियाबद्दल मला वाईट वाटतं. जुलैत एव्हॉल्यूशन या महिलांच्या कार्यक्रमात ती आणि आयो जीव तोडून लढत असताना नेओमी ब्रीफकेस घेऊन मधेच आली आणि बेल्ट घेऊन गेली. नेओमीच्या बाजूने हे हुशारीचं होतं. पण त्या मॅचला तिचा स्वतःचा शेवट मिळायला हवा होता.

प्रश्न : मी नववीत आहे. माझे काका म्हणतात की सगळं आधीच ठरलेलं असतं. मग तुम्ही वहीत निकाल लिहून काय उपयोग? आणि किती बरोबर येतात?

उत्तर : काकांचं बरोबर आहे. डब्ल्यूडब्ल्यूईत ट्रिपल एचची माणसं ठरवतात, एइडब्ल्यूत टोनी खान. पण मला थोडंच कोणी विचारून ठरवतं? त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखायचं, हा माझा खेळ.

बरोबर किती येतात, ते विचारलं नसतंस तर बरं झालं असतं. रॉयल रम्बल २०२५ चं (तीस जणांची मॅच, शेवटी उरेल तो जिंकतो) पान सांगतो. मी मोठ्या अक्षरांत ‘सीना’ लिहिलं होतं, खाली तीन ओळींचं कारणही दिलं होतं. शेवटी रिंगमध्ये उरले सीना आणि जे उसो, आणि जिंकला जे. वही उघडली तर कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात ‘जे’. बहिणीचं अक्षर. कधी लिहिलंस विचारलं तर म्हणाली, सुरू व्हायच्या आधीच. कारण काय, तर तो येताना सगळे हात वरखाली करतात ते तिला आवडतं.

तेव्हा यापुढे निकालाचे प्रश्न तिच्या नावाने पाठवा.