लूप बंद केला की ॲम्प मोकळा का वाजतो?

प्रश्न : सर, मी सेकंडहँड मेसा बूगी मार्क फाइव्ह हा गिटार ॲम्प घेतला, ९० वॅटचा. मागे एफेक्ट्स लूपसाठी (ॲम्पच्या दोन टप्प्यांमध्ये पेडल जोडायची वाट) ‘हार्ड बायपास’चा, म्हणजे लूप पूर्ण वगळायचा, स्विच आहे. लूपमध्ये एकही पेडल जोडलेलं नसताना हा स्विच बायपासवर टाकला की आवाज एकदम मोकळा होतो, पाम म्यूटला (तळहाताने तारा दाबून वाजवलं की) छातीत ठोका बसतो. लूप चालू केला की तोच ॲम्प तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखा. मला डिले आणि रिव्हर्ब लूपमध्येच हवेत. लूप खराब आहे, की सगळेच लूप टोन खातात?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : लूप बहुतेक ठणठणीत आहे. लूप चालू असताना आउटपुटचा, म्हणजे एकूण आवाजाचा, नॉब कुठे होता, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे. मार्क फाइव्हला हार्ड बायपास केलं की लूपसोबत आउटपुट आणि सोलो हे दोन्ही नॉबसुद्धा सर्किटबाहेर जातात. मग चॅनलचा मास्टर (त्या चॅनलच्या आवाजाचा नॉब) जेवढा उघडा, तेवढा सगळा सिग्नल पॉवर ॲम्पवर, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या टप्प्यावर, आदळतो. लूप चालू केला की मध्ये आउटपुटचा नळ येतो, आणि घरात तो घड्याळातल्या नऊच्या जागीच अडकलेला असतो. तुम्ही तुलना केलीत ती मोठ्याने वाजणाऱ्या ॲम्पची आणि हळू वाजणाऱ्या ॲम्पची.

कान या बाबतीत भोळा असतो. आवाज वाढला की बास आणि वरचा ट्रेबल त्याला प्रमाणाबाहेर जास्त ऐकू येतात. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन या जोडीने १९३३ सालीच हे मोजून ठेवलंय. फरक एक-दीड डेसिबलचा असेल तर ‘आवाज वाढला’ असं कुणी म्हणत नाही, ‘टोन सुधारला’ म्हणतात. पेडल विकणाऱ्यांची निम्मी दुकानदारी यावर चालते, पण ते असो.

आता हे करा. गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लूपर पेडल (वाजवलेलं रेकॉर्ड करून तेच परत वाजवणारं) लावा, त्यात चार बारचा एक रिफ भरा, म्हणजे हात दर वेळी वेगळा पडणार नाही. फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घ्या आणि फोन एकाच जागी ठेवा, हातात धरून फिरू नका. आधी बायपासवर आकडा बघा. मग लूप चालू करा आणि तोच आकडा येईपर्यंत आउटपुट उघडा. आता मित्राला मागे उभा करा, तुम्ही भिंतीकडे तोंड करा आणि तुम्हाला न सांगता त्याला स्विच मारू द्या. एक सूचना : आउटपुट खाली आणि मास्टर वर असताना थेट बायपास मारू नका, नाहीतर अख्खी सोसायटी दारात येईल. आधी मास्टर उतरवा.

एवढं केल्यावर बहुतेकांचा ‘टोन खाणारा लूप’ नाहीसा होतो. तरी थोडा फरक उरतो, आणि तो खरा असतो. लूप चालू असताना प्रीॲम्पचा (टोन घडवणाऱ्या पहिल्या टप्प्याचा) सिग्नल सेंडच्या स्टेजमधून बाहेर पडतो, रिटर्नमधून आत येतो आणि पुन्हा एका स्टेजने वर उचलला जातो. दर स्टेजला थोडी सळसळ वाढते. मधले कपलिंग कपॅसिटर अगदी खालचा बास किंचित कापतात. पिक तारेवर पडते त्या पहिल्या क्षणाचं टोकही थोडं बोथट होऊ शकतं. हा फरक कानापेक्षा बोटांना आधी कळतो, म्हणून लूपरची चाचणी झाली की तीच चाचणी स्वतः वाजवून परत करा. क्लीन आवाजात, जोरात मारलेल्या एकेका सुराला तो स्पष्ट कळेल. हाय गेनवर (डिस्टॉर्शनच्या आवाजात) कळला तर तुमच्या कानांना माझा नमस्कार, कारण तिथे प्रीॲम्पने आधीच सगळं दाबून सपाट केलेलं असतं.

आणि छातीतला ठोका? त्यात पॉवर ॲम्पचा वाटा मोठा आहे. मास्टर उघडा असला की फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणारी स्टेज) आणि पॉवर ट्यूब घाम गाळायला लागतात, आवाज जरा लवतो आणि मग परत उसळतो. लूप चालू ठेवूनही हे मिळतं, फक्त आउटपुट तेवढाच उघडायला हवा. घरातल्या आवाजात ते दोन्हीकडे मिळणार नाही.

पेडल जोडल्यावर मात्र केबलचा हिशोब धरा. गिटारची केबल मीटरला साधारण १०० पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं एकक) धरली आणि पेडलबोर्डपर्यंत जाऊन-येऊन १२ मीटर झाली, तर १२०० पिकोफॅरड. पेडल ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल तारेसारखा थेट सोडणारी) असतील तर ती बंद असताना हे सगळं ओझं सेंडवर पडतं. सेंडला चांगला बफर (सिग्नलला केबल पेलायचं बळ देणारी स्टेज) असेल आणि त्याचा आउटपुट इम्पीडन्स (आतला विरोध) १ किलोओहमच्या आसपास असेल, तर ट्रेबलची कापणी १३० किलोहर्ट्झच्या पुढे होते, म्हणजे वटवाघळाने काळजी करावी. पण काही ॲम्पमध्ये बफर नसतोच. तिथे हा इम्पीडन्स १०० किलोओहम असेल तर ट्रेबल १.३ किलोहर्ट्झपासूनच उतरू लागतो. असा लूप खरोखर टोन खातो. पहिलं पेडल बफरवालं लावा आणि सेंडची केबल आखूड ठेवा.

प्रश्न : मी लग्नांच्या बँडमध्ये वाजवतो. माझा फेंडर हॉट रॉड डिलक्स ॲम्प पावसाळ्यात मधेच मरगळतो, आवाज अर्ध्यावर येतो, खरखरतो, वर एक थाप मारली की पुन्हा सुरू. ट्यूब बदलून झाल्या. आता काय करायचं?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : थाप मारणं बंद करा, ट्यूबनी तुमचं काही वाकडं केलेलं नाही. या ॲम्पवर ‘प्रीॲम्प आउट’ आणि ‘पॉवर ॲम्प इन’ असे दोन जॅक आहेत, म्हणजे याचा लूपच. तुम्ही ते कधीच वापरत नसाल, पण तुमचा सगळा आवाज तिथूनच जातो. ‘पॉवर ॲम्प इन’च्या जॅकमध्ये एक छोटी पत्र्याची पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकलेली असते. प्लग घातला की ती उचलली जाते, काढला की परत टेकते. वर्षानुवर्षं प्लग न घातलेल्या जॅकमध्ये, त्यातून गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत, त्या टेकण्यावर काळपट थर धरतो. मग सिग्नल कधी जातो, कधी अर्धाच.

खात्री करायची तर एक आखूड पॅच केबल घ्या आणि त्या दोन जॅकना जोडा. आवाज स्थिर झाला तर रोग हाच. त्या रात्रीचं लग्न तसंच वाजवून काढा, ॲम्पला काही होत नाही. घरी आल्यावर ॲम्प बंद करून वायर भिंतीतून काढा, प्लगवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि तो त्या जॅकमध्ये पुष्कळदा आत-बाहेर करा. खोबरेल तेल नको, घासलेट नको. पट्टीची स्प्रिंगच सैल झाली असेल तर जॅक बदलायला कारागिराकडे द्या. स्वतः खोलू नका, आत ४०० व्होल्टच्या आसपासचा डीसी असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात.

प्रश्न : माझ्या ॲम्पचा लूप पॅरलल आहे. डिजिटल रिव्हर्ब लावला की आवाज पोकळ होतो, बायपास केला की भरतो. पेडल चांगलं महागाचं आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पॅरलल लूपमध्ये मूळ आवाज ॲम्पमधून थेट पुढे जातोच. तुमचं पेडल त्याच मूळ आवाजाची आणखी एक प्रत परत पाठवतंय. डिजिटल पेडलमध्ये आत-बाहेर करताना ही प्रत २ मिलिसेकंद मागे पडली, तर दोन्ही मिळून २५० हर्ट्झला एकमेकांना खोडतात, मग ७५०ला, १२५०ला. पोकळपणा तोच. पेडलच्या मेनूत ‘किल ड्राय’ (मूळ आवाजाची प्रत बंद) शोधा आणि चालू करा. तसं काही नसेल तर पेडलचा मिक्स शंभर टक्के ओला (नुसता इफेक्ट) ठेवा आणि रिव्हर्ब किती हवा ते ॲम्पच्या लूपमधल्या मिक्स नॉबने ठरवा.