जाझसाठी परवडणारी गिटार आणि लोकलमधून नेता येईल असा अ‍ॅम्प कोणता घ्यावा?

गिटार आणि अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र) मिळून पन्नास हजारांत बसवायचे, ने-आण लोकलने करायची आणि साथीला डबल बास (खर्जाचे सूर देणारे मोठे उभे तंतुवाद्य) व काड्यांऐवजी ब्रशने वाजवणारा ड्रमर असणार, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. ड्रमर आहे ही माहिती सर्वांत मोलाची, कारण अ‍ॅम्प किती ताकदीचा हवा हे त्यावरच ठरते आणि गिटारसाठी किती पैसे उरतात हे अ‍ॅम्पवर.

जाझमध्ये चार सुरांचा कॉर्ड मोठ्या आवाजातही न फाटता, प्रत्येक सूर सुटा ऐकू येईल असा वाजावा लागतो. हे काम चोख करणारे जुने अ‍ॅम्प, उदाहरणार्थ रोलंडचा १९७५ सालचा जेसी-१२० किंवा फेंडरचा ट्विन रिव्हर्ब, २८-२९ किलोंच्या घरात जातात, त्यामुळे ते घेऊन दादरच्या पुलावर चढण्याचा विचारही करू नये. दुसऱ्या टोकाला रोलंडचा मायक्रो क्यूब आहे. सहा पेन्सिल सेलवर चालणारा हा तीन वॅटचा अ‍ॅम्प घरी सरावाला उत्तम आहे, पण ड्रमरच्या झांजांपुढे त्याचा निभाव लागत नाही. निव्वळ वॅटच्या आकड्यावर मात्र जाऊ नये, कारण वॅट दुप्पट झाले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. स्पीकरचा आकार आणि त्याची कार्यक्षमता यांनी कित्येकदा त्याहून अधिक फरक पडतो. म्हणून मी बॉस कटाना ५० सुचवेन. त्याला १२ इंची स्पीकर आहे, वजन साडेअकरा किलोंच्या आसपास आहे आणि घडीच्या ट्रॉलीवर तो सहज बसतो. त्यातले बहुतेक इफेक्ट आपल्याला लागणार नाहीत. क्लीन चॅनेल (आवाज न फाडणारा), किंचित रिव्हर्ब (घुमारा), बासचे (खालच्या सुरांचे) बटण निम्म्याहून कमी आणि मिडचे (मधल्या सुरांचे) थोडे वर एवढे पुरे. बास कमी करण्याचे कारण असे की खालचे सूर डबल बास सांभाळतोच आणि गिटारनेही तिथे गर्दी केली की सगळा गिचका होतो.

गिटारच्या बाबतीत पोकळ, फुगीर अंगाच्या आर्चटॉपचा मोह सर्वांना होतो. प्रसिद्ध जाझ गिटारवादक जो पास यांच्या हातातली गिब्सन ईएस-१७५ पाहिल्यावर तो होणे स्वाभाविकही आहे. मात्र पूर्ण पोकळ गिटार अ‍ॅम्पजवळ लगेच फीडबॅक देते (स्पीकरच्या आवाजाने स्वतःच घुमू लागते), गर्दीच्या डब्यात तिला जपावे लागते आणि लहान कॅफेत अ‍ॅम्पपासून दूर सरकायला जागाच नसते. तसाच आकार हवा असेल तर आयबानेझ एएस७३ पाहावी; तिच्या पोटात मधोमध लाकडी ठोकळा असल्याने हा त्रास बराच कमी होतो. माझा कौल मात्र स्क्वायरच्या साध्या, भरीव अंगाच्या टेलिकास्टरला आहे. कॅनडाचे गिटारवादक एड बिकर्ट यांनी कारकिर्दीचा मोठा काळ टेलिकास्टरवरच जाझ वाजवले (पुढे त्यांनी नेक पिकअपच्या, म्हणजे मानेजवळच्या ध्वनिग्राहकाच्या, जागी हंबकर हा दुहेरी गुंडाळीचा पिकअप बसवला, हे खरे), आणि त्यांच्या कॉर्डची ऊब ऐकून ती ठोकळ्यासारखी गिटार असेल असे कोणालाही वाटत नाही.

वाचलेल्या पैशांतून ११ किंवा १२ गेजच्या (जाडीच्या) फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेल्या, तारा घ्याव्यात, कारण त्यांवर बोटे सरकताना खरखर होत नाही आणि सुराची धार बोथट होते. या संचात तिसरी तारही गुंडाळलेली येते, त्यामुळे नटमधली (मानेच्या टोकाच्या पट्टीतली) तिची खाच रुंद करावी लागते आणि इंटोनेशन, म्हणजे मानेवर सर्वत्र सूर बरोबर लागण्याची जुळणी, नव्याने लावावे लागते. हा सेटअप जाणकाराकडूनच करून घ्यावा. वाजवताना नेक पिकअप निवडून टोनचे बटण निम्म्याच्या आसपास ठेवावे.

अ‍ॅम्प घ्यायला जाताना स्वतःची गिटार सोबत न्यावी. दुकानदाराला विनंती करून आवाज ड्रमरसोबत लागेल इतका वाढवावा आणि डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन हे कॉर्ड सावकाश वाजवावेत. जी सेव्हनमधले बी आणि एफ हे सूर एकमेकांत मिसळून नुसता घरघराट ऐकू आला, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी तो अ‍ॅम्प घेऊ नये.