वाचकांचे प्रश्न : अॅल्युमिनियमचा घाऊक माल

प्रश्न : मशिनिंग करून 48 मिमी व्यासाचे, 78 मिमी लांबीचे 400 नग करायचे आहेत. 6061 या अॅल्युमिनियम मिश्रधातूचे 50 मिमी राऊंड बार 3 मीटर लांबीत मिळतात. किती बार मागवावेत?

उत्तर : 400 गुणिले 78 केले की 31.2 मीटर येतात आणि 11 बार पुरतील असे वाटते. पुरत नाहीत. प्रत्येक नगाला दोन्ही बाजूंनी फेसिंगसाठी, म्हणजे टोक सपाट करण्यासाठी, 1-1 मिमी धरा, म्हणजे 80. करवतीचे पाते 2.5 मिमी खाते, म्हणजे 82.5. बारची टोके कापताना चेपलेली किंवा तिरकी असू शकतात. तिथे 20-20 मिमी सोडा. उरलेल्या 2960 मिमीत 35 नग बसतात. 11 बारमध्ये 385च होतील, म्हणून 12 घ्या. 20 नग जास्त निघतील, ते सेटिंग आणि रिजेक्शनसाठी लागतातच.

बिल किलोवर होते, तेव्हा वजन स्वतः काढा. व्यासाचा मिमीमधील वर्ग गुणिले 0.00212 म्हणजे मीटरला किती किलो ते कळते. 50 मिमीला 5.3 किलो, 12 बारना सुमारे 191 किलो. काट्यावरचे वजन यापेक्षा फार वेगळे आले, तर आधी व्यास आणि लांबी मोजा.

ऑर्डरमध्ये नुसते ‘6061’ लिहू नका, टेम्पर, म्हणजे उष्णोपचाराने आलेली कडकपणाची अवस्था, तीही लिहा. ओ टेम्परचा, म्हणजे अॅनील केलेला (तापवून मऊ केलेला) माल इतका मऊ असतो की टूलच्या धारेला चिकटतो आणि फिनिश फाटल्यासारखे येते. टी6, म्हणजे उष्णोपचाराने कडक केलेला माल, स्वच्छ कापला जातो. त्याची कडकपणाची नेहमीची पातळी सुमारे 95 ब्रिनेल (कडकपणाचे माप), ओची 30च्या आसपास. त्यामुळे शंका आल्यास हार्डनेस तपासला की लगेच उलगडा होतो. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीव घाणीचा क्रमांक, मालावरच्या शिक्क्याशी किंवा लेबलशी जुळवून घ्या. नगांना अॅनोडायझिंग (पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर देणे) होणार असेल तर सगळा माल एकाच हीटचा मागा, नाहीतर रंगाच्या छटेत फरक पडू शकतो.

प्रश्न : 20 मिमी प्लेटमध्ये एका बाजूने खोल पॉकेट काढले की क्लॅम्प सोडताच जॉब वाकतो. मशीनमध्ये दोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही, ताण मालातच असतो. क्वेंचिंगमध्ये, म्हणजे तापलेला माल झटकन थंड करताना, प्लेटच्या आत ताण अडकतात. एका बाजूचा थर काढला की तोल जातो आणि जॉब वाकतो. प्लेट टी651 मागवा. ती क्वेंचनंतर साधारण 1.5 ते 3 टक्के ताणलेली असते, त्यामुळे बराच ताण निघून जातो. बारसाठी टी6511 असे लिहावे. पूर्ण ताण त्यानेही जात नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी रफिंग (सुरुवातीचे जाड कट) करून 0.5 ते 1 मिमी जादा ठेवा, क्लॅम्प सोडा, जॉबला हवे तसे वळू द्या आणि मगच हलक्या पकडीत फिनिश कट घ्या. ताकदीची गरज नसलेल्या फिक्स्चर प्लेटसाठी कास्ट टूलिंग प्लेट (ओतून केलेली प्लेट) जास्त स्थिर राहते.

प्रश्न : ठेवलेल्या प्लेटांवर पांढरे डाग पडले. माल वाया गेला का?

उत्तर : प्लेटांच्या मध्ये पाणी अडकल्याचे ते डाग आहेत. सहसा वरवरचे असतात आणि फेसिंगमध्ये निघतात; फिनिश न करता वापरायच्या बाजूवर मात्र राहतात. गठ्ठा जमिनीवर आडवा ठेवू नका. थंड माल उबदार, दमट खोलीत आणला की त्यावर दव धरते, म्हणून तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत वेष्टण उघडू नका.