वाचकांचे प्रश्न : प्रवाळावर चढलेली 'गार्डियन'

प्रश्न : अमेरिकी नौदलाची 'यूएसएस गार्डियन' ही माइनस्वीपर (समुद्रात पेरलेले पाणसुरुंग हटवणारी बोट) २०१३ मध्ये फिलिपिन्समधल्या तुब्बाताहा प्रवाळभित्तीवर चढली. तिला ओढून न काढता का तोडलं? आणि एवढ्या आधुनिक नौदलाची बोट लाकडी कशी?

उत्तर : आधी लाकडाचं सांगतो, कारण बोट का तोडली हे त्यातूनच कळतं. पोलादी जहाज जवळून गेलं की भोवतालचं चुंबकीय क्षेत्र बदलतं. तो बदल टिपून चुंबकीय पाणसुरुंग फुटतो. म्हणून 'अ‍ॅव्हेंजर' वर्गातल्या या बोटीचं अंग ओक, फर आणि सीडरच्या थरांचं, वर फायबरग्लासचं आवरण. इंजिनंही कमी चुंबकीय धातूंची. तरी थोडं चुंबकत्व उरतंच, ते बोटभर फिरवलेल्या तारांच्या वेटोळ्यांतून वीज सोडून मारतात. समुद्रतळाला दोराने बांधून पाण्यात तरंगत ठेवलेल्या सुरुंगांसाठी मागे तारदोर ओढतात. त्यावरचे कातरे सुरुंगाचा दोर तोडतात, सुरुंग वर येतो आणि त्याला लांबूनच गोळ्या घालतात. तळावर पडलेल्या सुरुंगाला दोरच नसतो. तो सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून, शोधून दूरनियंत्रित यानाने उडवावा लागतो.

'गार्डियन' १६ डिसेंबर १९८९ रोजी सेवेत आली. अपघाताच्या वेळी तिचा नाविक तळ जपानमधल्या सासेबो बंदरात होता. १७ जानेवारी २०१३ च्या पहाटे सुलू समुद्रात ती भित्तीवर चढली. लाटांनी तिला आडवी करून आणखी आत ढकललं, लाकूड फुटलं, आत पाणी शिरलं. असं अंग ओढलं असतं तर ते वाटेतच मोडलं असतं आणि जिवंत प्रवाळ खरवडत गेलं असतं. म्हणून सगळ्या ७९ जणांना उतरवल्यावर आधी सुमारे ५७ हजार लिटर इंधन काढलं, मग वरचे मजले, मग बोटीचं अंग कापून क्रेनने उचललं. शेवटचा भाग ३० मार्चला निघाला.

कारण काय? डिजिटल नकाशात भित्ती सुमारे ८ सागरी मैल सरकलेली होती. पण नकाशावर सगळा दोष टाकणं मला पटत नाही. दुसऱ्या, लहान प्रमाणाच्या (म्हणजे जास्त मोठा प्रदेश दाखवणाऱ्या) नकाशात ती योग्य जागी होती, आणि ही तफावत कुणी तपासलीच नाही. नौदलाच्या चौकशीनेही बोटीवरच्या नौवहनालाच जबाबदार धरलं. सुमारे २,३४५ चौरस मीटर प्रवाळ नष्ट झालं. त्याची भरपाई म्हणून अमेरिकेने २०१५ मध्ये ८.७ कोटी पेसो दिले.